आईला ऐकू येत नव्हतं, बायकोलाही नाही. त्याच माणसाने जगाला टेलिफोन दिला

सिंधुदुर्गनगरी म्हणजे आपलं ओरोस. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि इथे जिल्ह्याचं मुख्यालय उभं राहिलं. कलेक्टर ऑफिस, झेडपी, सगळं इथेच. पण आजूबाजूच्या वाड्यांमधलं चित्र कोकणातल्या कुठल्याही गावासारखंच आहे. पोरं मुंबई-पुण्याला चाकरमानी आणि घरात म्हातारे आई-बाबा दोघंच.

गणपतीला आलेला मुलगा त्यांना स्मार्टफोन घेऊन देतो. पण बोट थरथरतं, स्क्रीन दुसरीकडेच जाते, चार्जिंग संपतं आणि रिंग कानावर पडत नाही. म्हणून बरेच जण पुन्हा जुन्या वस्तूकडे वळतात. मोठ्या बटणांचा, वायरचा, टेबलावरचा फोन.

असा फोन घरी लावायचा असेल तर त्याच्या मूळ मालकाची गोष्ट माहिती पाहिजे. कारण टेलिफोनचा शोधच मुळात ऐकू न येणाऱ्या माणसांच्या घरातून आला.

त्या माणसाचं नाव अलेक्झांडर ग्रॅहम बेल.

३ मार्च १८४७ ला स्कॉटलंडमधल्या एडिनबरात त्याचा जन्म झाला. आजोबा आणि वडील दोघंही लोकांना स्पष्ट बोलायला शिकवायचे. तोंडातून निघणारा प्रत्येक आवाज कागदावर खुणांनी लिहिता येईल अशी लिपी वडिलांनी तयार केली होती. आणि आई एलिझा? तिला फारच कमी ऐकू यायचं. तरीही ती पियानो उत्तम वाजवायची.

बाकीचे लोक तिच्याशी नळीतून ओरडून बोलायचे. लहानगा बेल तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्पष्ट आवाजात बोलायचा. ते तिला कळायचं. आवाज म्हणजे कंपन, आणि कंपन नीट पोहोचलं तर माणूस ऐकतो, हे तो पुस्तकात नाही, घरातच शिकला.

पुढे घरावर संकट आलं. क्षयाने त्याचे दोन्ही भाऊ गेले. बेलचीही तब्येत खालावली, तेव्हा आई-वडिलांनी १८७० मध्ये देश सोडला आणि कॅनडा गाठलं. दुसऱ्याच वर्षी बेल अमेरिकेत बोस्टनला गेला आणि कर्णबधिर मुलांचा मास्तर झाला. तिथे त्याच्याकडे मेबल हबर्ड नावाची मुलगी शिकायला आली. पाच वर्षांची असताना तापात तिचे कान गेले होते. हीच पुढे त्याची बायको झाली.

दिवसा शिकवणी, रात्री प्रयोग. एका तारेवरून एकाच वेळी अनेक तारा कशा पाठवायच्या यावर तेव्हा सगळे डोकं लढवत होते. पैसे लावणाऱ्यांमध्ये मेबलचे वडीलही होते. बेलच्या डोक्यात मात्र तारेवरून माणसाचा आवाज पाठवायचं घुसलं होतं.

१८७४ मध्ये त्याने एका मृत माणसाचा कान डॉक्टर मित्राकडून मिळवला आणि त्यावर प्रयोग केले. कानाचा पातळ पडदा आतली हाडं हलवू शकतो, हे त्याने पाहिलं. मग पातळ पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? फोनच्या रिसीव्हरमध्ये आजही हलणारा पातळ पडदाच असतो.

१४ फेब्रुवारी १८७६ ला बेलचा पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे या संशोधकाचेही कागद त्याच कार्यालयात पोहोचले. कोण पहिला, यावर लोक आजही भांडतात. ७ मार्चला पेटंट बेलला मिळालं आणि तीन दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या वॉटसन या सहकाऱ्याने त्याची हाक तारेवरून ऐकली. पुढे शेकडो खटले झाले, पण कोर्टात बेलच टिकला.

११ जुलै १८७७ ला बेल आणि मेबलचं लग्न झालं. कंपनीचे दहा शेअर स्वतःकडे ठेवून बाकीचे सगळे त्याने बायकोला देऊन टाकले. फोनवरून आलेला पैसा जिच्या नावावर होता, तिला फोनवरचं कधीच ऐकू येणार नव्हतं.

१८७८ मध्ये अमेरिकेत पहिलं व्यावसायिक एक्स्चेंज सुरू झालं आणि १८८२ मध्ये मुंबईतही आलं. सुरुवातीला घराघरातल्या फोनला स्वतःची बॅटरी लागायची. नंतर एक्स्चेंजनेच तारेतून वीज द्यायला सुरुवात केली. वायरच्या फोनची खरी ताकद हीच आहे. तांब्याच्या लाईनमध्ये एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्ट येतात, म्हणून घरातली लाईट गेली तरी फोन चालतो. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात खांब पडून गावंच्या गावं अंधारात गेली होती. तेव्हा चार्जिंग संपलेला मोबाईल म्हणजे नुसती काच. अर्थात खांबासोबत फोनची तारही तुटली, तर हाही फोन गप्प बसतो.

बटणं मात्र बेलने पाहिली नाहीत. ती १९६३ मध्ये त्याच्याच नावाच्या कंपनीने आणली. वरच्या ओळीत १-२-३ ही मांडणी लोकांवर चाचण्या घेऊन ठरली. ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागला की बाकीचे आकडे न बघता सापडतात.

आता फोन लावायचा कसा ते बघू.

पहिलं, तुमची लाईन तांब्याची की फायबरची, ते विचारून घ्या. फायबर असेल तर फोनची वायर मॉडेमच्या फोनच्या खाचेत जाते आणि लाईट गेली की फोनही जातो. तिथे मॉडेमला इन्व्हर्टर किंवा छोटा बॅकअप हवाच.

दुसरं, वायर खाचेत टक आवाज येईपर्यंत बसवा. सरळ वायर भिंतीकडे जाते, गुंडाळीची रिसीव्हरला. रिसीव्हर उचलल्यावर टोन आला पाहिजे. टोन येतो पण नंबर लागत नाही, असं झालं तर फोनवरचं बटण पल्सवरून टोनवर सरकवा. रिंगचा आवाज मोठ्यावर ठेवा.

तिसरं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो. म्हणून मेमरीच्या बटणांवर मुलांचे नंबर शून्यासकट भरा. ओरोसहून मालवणच्या लँडलाईनला लावायचं तर मालवणचा ०२३६५ हा कोड भरा. ११२ आणि रुग्णवाहिकेच्या १०८ पुढे मात्र शून्य नको. बटणांवर नाव किंवा फोटो चिकटवा. काही मॉडेलमध्ये नंबर लक्षात ठेवायला सेल लागतात, ते वर्षातून एकदा बदला.

चौथं, फोन पलंगाशेजारी, बसून हात पोहोचेल असा ठेवा. वायर भिंतीकडेने न्या. चालण्याच्या वाटेत आडवी वायर म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडायची सोय.

कानाचं मशीन असेल तर त्यात टी सेटिंग आहे का ते विचारा. फोनलाही ती सोय असेल तर आवाज थेट मशीनमध्ये येतो. आवाज वाढवायचं बटण असलं तर ते सगळ्यात वर ठेवू नका, आधी मध्यावर ठेवून बघा.

वीज कडाडत असताना वायरचा फोन कानाला लावू नका. तारेवर पडलेली वीज घरापर्यंत येऊ शकते. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसात आभाळ भरून आलं की आधीच वायर काढून ठेवा, गडगडाट सुरू झाल्यावर हात लावू नका. उघड्या तारांनाही हात नको, कारण रिंग वाजताना त्यात ७० व्होल्टच्या वर दाब असतो.

आणि फोनवर कुणी बँकेचं, पोलिसांचं किंवा लाईन बंद होणार असल्याचं सांगून ओटीपी मागितला, बटण दाबायला लावलं, तर रिसीव्हर ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला कळवायचं. हे दोन्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ लावा.

तर पुन्हा बेलकडे. त्याने स्वतःला कायम कर्णबधिरांचा मास्तरच मानलं. १८८६ मध्ये हेलन केलरचे वडील मुलीला घेऊन आले, तेव्हा योग्य शाळेची वाट त्यानेच दाखवली. पण त्याची दुसरी बाजूही आहे. कर्णबधिर मुलांनी हातांच्या खुणांची भाषा सोडून ओठ वाचून बोलावं, असा त्याचा हट्ट होता. कर्णबधिरांनी आपापसात लग्नं करू नयेत असंही त्याला वाटायचं. त्यामुळे कर्णबधिर समाजातले अनेक जण आजही त्याला माफ करत नाहीत. समोरच्याला काय हवं, हे त्याला न विचारता ठरवलं की भलं करणाऱ्याच्या हातूनही नुकसान होतं.

२ ऑगस्ट १९२२ ला कॅनडात बेल गेला. अंत्यसंस्काराच्या वेळी उत्तर अमेरिकेतले फोन एक मिनिट बंद ठेवले गेले. पाच महिन्यांनी मेबलही गेली.

तेव्हा आई-बाबांसाठी फोन घेताना त्यांनाच दुकानात न्या, बटण दाबून बघायला सांगा, आकडे दिसतात का ते विचारा. घरी लावून झाल्यावर पहिला फोन तुम्ही करू नका. तुम्ही मोबाईल घेऊन बाहेर खळ्यात जा आणि त्यांना तुमचं बटण दाबू द्या.