न सुटलेलं प्रमेय : पासोलिनी

एम-थ्रीच्या पेपरनंतर ‘प्रमेय’ हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो, खरं ना? पण १९६८ मध्ये एका इटालियन माणसाने चक्क ‘तेओरेमा’, म्हणजे प्रमेय, याच नावाचा सिनेमा काढला. त्याचं नाव पिअर पाओलो पासोलिनी.

जन्म १९२२, बोलोन्या. वडील लष्करात, आई शिक्षिका. आईच्या गावच्या फ्रिउली बोलीत याने कविता लिहिल्या. १९४५ मध्ये धाकटा भाऊ कम्युनिस्ट गनिमांच्या हातून मारला गेला, तरी हा त्याच पक्षात गेला! गावाकडे मास्तरकी करत असताना १९४९ मध्ये त्याच्यावर अल्पवयीन मुलांशी लैंगिक वर्तनाचा आरोप झाला. कोर्टाच्या आधीच पक्षाने काढून टाकलं, नोकरीही गेली. अपिलात तो १९५२ मध्ये सुटला, पण तोवर आईला घेऊन रोमला आला होता. तिथल्या गरीब वस्त्यांनी त्याला कादंबऱ्या दिल्या आणि १९६१ चा पहिला सिनेमाही. आपण समलिंगी आहोत हे त्याने लपवलं नाही.

आता ‘तेओरेमा’. मिलानच्या कारखानदाराच्या बंगल्यात एक देखणा पाहुणा येतो. मोलकरीण, मुलगा, आई, मुलगी, शेवटी खुद्द बाप, सगळ्यांशी त्याचे शरीरसंबंध येतात आणि एक दिवस तो निघून जातो. मग घर कोसळतं. बाप कारखाना कामगारांना देऊन टाकतो आणि भर स्टेशनात अंगावरचे कपडे उतरवतो.

पाहुणा नक्की कोण? समलिंगी, उभयलिंगी, देव की सैतान? सिनेमा सांगत नाही. व्हेनिसला कॅथलिक परीक्षकांनी त्याला बक्षीस दिलं, व्हॅटिकन संतापलं, अश्लीलतेचा खटला झाला आणि सिनेमा सुटला.

मला वाटतं, पाहुण्यावर लेबल लावत बसलो की आपण चुकतो. बघायचं ते त्या घराकडे. मालक, मालकीण, वारस ही लेबलं काढली तर खाली काहीच उरत नाही, हे पाहुण्याच्या स्पर्शाने उघडं पडतं. म्हणून हा सिनेमा राजकीय. पक्षाने आणि गावाने लेबल लावून बाहेर काढलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

२ नोव्हेंबर १९७५ ला ओस्तियाच्या किनाऱ्याजवळ त्याचं प्रेत सापडलं. १७ वर्षांच्या एका मुलाला शिक्षा झाली, त्याने २००५ मध्ये जबाब फिरवला. तेही प्रमेय सुटलेलं नाही.

आपण होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला एक नाव चिकटवतो आणि चार वर्षं तेच चालवतो. या वर्षी एखाद्याला बिननावाचं राहू देऊन बघूया?