कॅप्टन लुकास आणि गंधकाची टेकडी

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या सेक्शनची आउटिंग देहरादूनजवळच्या सहस्रधारेला गेली होती. गंधकाच्या झऱ्यापाशी पोहोचताच सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. सकाळी मेसमध्ये जी उकडलेली अंडी खाल्ली, ती इथेच ठेवली असावीत, असा शोध आमच्यातल्या एकाने लावला आणि पूर्ण सेक्शन हसत सुटला. भूगोलाचे सरही हसले. मग त्यांनी वह्या काढायला सांगितल्या आणि एक प्रश्न घातला. तुम्ही सर्व्हेवर आला आहात आणि हा वास आला, तर वहीत काय लिहाल? कोणी औषधी पाणी लिहिले, कोणी ज्वालामुखी. मी ‘खाली तेल आहे’ असे लिहिले. देहरादूनमध्ये ओएनजीसीच्या पाट्या पाहून आम्हाला जमिनीखाली तेलच दिसते.

सरांनी माझे उत्तर चूक ठरवले. इथला डोंगर चुनखडीचा आहे, त्यात जिप्सम आहे, आणि त्यातून झिरपणाऱ्या पाण्याला गंधकाचा वास येतो. त्यासाठी खाली तेल असावे लागत नाही. पण परतीच्या बसमध्ये ते माझ्याजवळ येऊन बसले. याच वासावर आपले सर्वस्व लावणारा एक माणूस होऊन गेला, तो तुमच्यासारखाच कॅडेट होता, नेव्हीचा, आणि त्याने नेव्ही सोडली, असे त्यांनी सांगितले.

शेवटचे वाक्य ऐकून मी सावरून बसलो. त्याच आठवड्यात आमची मेडिकल झाली होती आणि माझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला होता. माझे बाबा नेव्हीत आहेत. सहावीपासून मलाही जहाजावरच जायचे आहे. नंबर असाच वाढत गेला तर ज्या शाखेत मला जायचे आहे तिचा दरवाजा बंद होईल, हे मला कळत होते. रविवारच्या फोनवर मी ते बाबांना सांगितले नव्हते. म्हणून नेव्ही सोडलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे मला जाणून घ्यायचे होते. दुसऱ्या दिवशी प्रेप संपल्यावर मी लायब्ररीत गेलो.

त्यांचे नाव अँथनी लुकास. मूळ नाव अँतुन लुचिच. जन्म ९ सप्टेंबर १८५५ रोजी एड्रियाटिक समुद्रकिनाऱ्यावरील स्प्लिट या शहरात झाला. आज ते शहर क्रोएशियात आहे, तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. वडील जहाजाचे कॅप्टन. अँतुन सहा वर्षांचे असताना कुटुंब त्रिएस्त बंदरात राहायला आले. ग्राझच्या तंत्रशाळेत इंजिनिअरिंग शिकून ते नौदलाच्या अकादमीत गेले आणि १८७८ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. इथपर्यंतची गोष्ट आपल्या शाळेच्या ऑनर्स बोर्डावर शोभेल अशी आहे.

पुढच्याच वर्षी ते रजा घेऊन अमेरिकेत मिशिगनला काकांकडे गेले. मिशिगन म्हणजे लाकडाच्या गिरण्यांचा मुलूख. तिथे एका करवतयंत्राची रचना सुधारण्याचे काम त्यांना मिळाले आणि ते त्यात इतके रमले की परत गेलेच नाहीत. काकांनी अमेरिकेत लुकास हे आडनाव लावले होते, तेच त्यांनीही घेतले. १८८५ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि १८८७ मध्ये कॅरोलाइन फिट्झजेराल्ड यांच्याशी त्यांचे लग्न झाले. गंमत अशी की नौदलात सेकंड लेफ्टनंट असलेल्या या माणसाला अमेरिकेत सगळे कॅप्टन लुकास म्हणत. आमच्याकडे असे फुकटचे प्रमोशन कोणी लावून घेतले तर त्याला ग्राउंडच्या किती फेऱ्या माराव्या लागतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

१८९३ मध्ये ते लुइझियाना राज्यात मिठाच्या खाणीवर इंजिनिअर म्हणून लागले. समुद्राजवळच्या त्या सपाट, दलदलीच्या प्रदेशात मधूनच काही उंचवटे आहेत. लोक त्यांना बेटे म्हणतात. त्यांच्या खाली शुद्ध मिठाचे प्रचंड खांब आहेत. लुकास यांनी अशा अनेक बेटांवर बोअर घेतल्या. काम मिठाचे होते, पण त्यांच्या लक्षात आले की मिठाच्या आसपास पुन्हा पुन्हा तीच मंडळी भेटतात: गंधक, वायू आणि थोडेसे तेल. एकदा झाले तर योगायोग म्हणता येईल. निरनिराळ्या बेटांवर तेच दिसू लागल्यावर त्यांनी त्यामागचे कारण शोधायला सुरुवात केली.

ते कारण आज आपल्याला पुस्तकात वाचायला मिळते. फार पूर्वी आटलेल्या समुद्राचे मीठ खोल थरात गाडले जाते. त्यावर हजारो फूट वाळू आणि माती साचते. मीठ या दगडांपेक्षा हलके असते आणि मोठ्या दाबाखाली ते कणकेसारखे वागते. मग जिथे वाट मिळेल तिथून ते हळूहळू वर सरकते आणि वरच्या थरांना उचलत, वाकवत, फोडत त्याचा घुमट तयार होतो. घुमटाच्या माथ्यावर चुनखडी, जिप्सम आणि गंधक यांची टोपी बसते. आसपासच्या थरांतून वर येणारे तेल आणि वायू या टोपीत आणि घुमटाच्या कडांना अडकतात. त्यातला थोडासा वायू फटींतून निसटून वर येतो, झऱ्याचे पाणी आंबट करतो आणि नाकाला रुमाल लावायला लावतो. जमिनीवर दिसतो तो फक्त एक बुटका उंचवटा.

असाच एक उंचवटा टेक्सासमध्ये बोमाँट गावाच्या दक्षिणेला होता. नाव स्पिंडलटॉप. भोवतालच्या जमिनीपेक्षा तो जेमतेम पंधरा फूट उंच. त्यावर गंधकाच्या पाण्याचे झरे होते आणि डबक्यांतून वायूचे बुडबुडे येत. पॅटिलो हिगिन्स नावाचे गावातलेच एक गृहस्थ होते. त्यांना एकच हात होता. ते रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवत आणि मुलांना घेऊन या टेकडीवर जात. या टेकडीखाली तेल आहे, असे त्यांचे ठाम मत होते. १८९२ मध्ये त्यांनी काही भागीदारांसह कंपनी काढली आणि तिला आपल्या वर्गातल्या ग्लॅडिस या मुलीचे नाव दिले. पण एकामागून एक तीन बोअर सरकत्या वाळूत फसल्या. राज्याच्या भूगर्भ खात्याच्या तज्ज्ञाने तर लोकांना इथे पैसे घालू नका असा इशाराच दिला. गाव हिगिन्स यांना हसू लागले. शेवटी त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिला उत्तर देणारे एकटे कॅप्टन लुकास होते.

१८९९ मध्ये लुकास यांनी टेकडीवरची जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि स्वतःच्या पैशाने बोअर सुरू केली. सुमारे ५७५ फुटांवर तेलाचा अंश लागला, पण वायूच्या दाबाने केसिंग पाइप चेपला आणि काम बंद पडले. गावी आमच्या काकांच्या शेतात बोअर मारताना केसिंग अडकला होता, तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड जेवले नव्हते. तिथे तर लुकास यांची सगळी बचत त्या भोकात गेली होती. घरातले सामान विकावे लागले आणि खोक्यांवर बसून दिवस काढावे लागले. कॅरोलाइनबाईंनी मात्र काम सोडायला सांगितले नाही.

लुकास तज्ज्ञांकडे गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय भूगर्भ सर्वेक्षणाचे हेझ यांनी टेकडी पाहिली आणि आशा नाही असे सांगितले. सर्वात मोठ्या तेल कंपनीच्या जाणकारानेही तेच सांगितले. वाचताना मला प्रथम या लोकांचा राग आला. पण सरांनी मला त्यांच्या बाजूने विचार करायला लावला. तोपर्यंत अमेरिकेत तेल सापडले होते ते पेनसिल्व्हेनियासारख्या कठीण खडकांच्या प्रदेशात. इथे तर समुद्रकाठची मऊ वाळू आणि चिकणमाती होती. त्यांनी जे पाहिले होते त्यावरून ते बरोबर बोलत होते. लुकास यांनी वेगळे काही पाहिले होते, एवढाच फरक होता. टेक्सास विद्यापीठाचे प्राध्यापक फिलिप्स यांना मात्र त्यांचे म्हणणे पटले. त्यांनी पिट्सबर्गच्या गफी आणि गेली या तेलव्यावसायिकांकडे लुकास यांना पाठवले.

पैसा मिळाला, पण अटी कडक होत्या. लुकास यांचा हिस्सा फक्त एक अष्टमांश राहिला. शिवाय हिगिन्स यांना या कराराबाहेर ठेवण्यात आले, आणि लुकास यांनी ते मान्य केले. ज्याने टेकडी दाखवली त्यालाच विसरायचे, हे मला अजूनही पटत नाही. क्रॉस कंट्रीत ज्या मित्राने रस्ता दाखवला त्याला मागे टाकून पदक घ्यावे, तसे ते झाले. हिगिन्स पुढे कोर्टात गेले आणि प्रकरण आपसात मिटले. मी हे गाळणार होतो, पण ते गाळून त्यांचे चरित्र लिहिले तर ते खरे होणार नाही.

२७ ऑक्टोबर १९०० रोजी नवी बोअर सुरू झाली. हॅमिल बंधूंनी फुटाला २ डॉलर या दराने काम घेतले होते. सरकती वाळू पुन्हा आडवी आली. नुसते पाणी सोडले की बोअरच्या भिंती ढासळत. तेव्हा या भावांनी पाण्याच्या खड्ड्यात गुरे फिरवून दाट चिखल केला आणि तो पंपाने आत सोडला. चिखलाने बोअरच्या भिंती आतून लिंपल्या गेल्या आणि वाळू थांबली. आजही जगभर तेलविहिरी खोदताना खास तयार केलेला चिखल वापरतात.

१० जानेवारी १९०१. बोअर हजार फुटांच्या पुढे गेली होती. बिट बदलून पाइप पुन्हा खाली सोडत असताना एकाएकी चिखल उसळून वर आला आणि त्यामागून कित्येक टन वजनाचे पाइप बाणासारखे हवेत उडाले. कामगार जीव घेऊन पळाले. मग सगळे शांत झाले. ते परत येऊन चिखल साफ करू लागले, तोच तोफेसारखा आवाज झाला, वायू सुटला आणि त्याच्या मागोमाग दीडशे फुटांहून उंच काळे कारंजे उडाले. लुकास तेव्हा गावात होते. कॅरोलाइनबाईंनी त्यांना फोन केला आणि ते घोडागाडी पिटाळत टेकडीकडे आले. समोर काय उडते आहे यावर त्यांचा क्षणभर विश्वासच बसेना.

दिवसाला सुमारे १,००,००० पिंपे तेल बाहेर पडत होते. तेव्हा सगळ्या अमेरिकेत मिळून रोज जेवढे तेल निघे, त्याच्या निम्म्याहून हे जास्त होते. एक ठिणगी पडली असती तर सगळे संपले असते. लुकास यांनी भोवती पहारे बसवले, विड्या-सिगारेटी बंद केल्या, तेल अडवायला मातीचे बांध घातले. नवव्या दिवशी, १९ जानेवारीला, हॅमिल बंधूंनी तोंडावर झडप बसवून कारंजे बंद केले. तोपर्यंत ८ ते ९ लाख पिंपे तेल वाया गेले होते.

नंतर टेकडीवर झुंबड उडाली. डेरिक इतके दाटीने उभे राहिले की एकावरून दुसऱ्यावर चढता यावे. तेलाचा भाव पिंपाला ३ सेंटपर्यंत उतरला आणि पिण्याचे पाणी त्याहून महाग झाले. इतक्या बोअरमुळे जमिनीतला दाब संपला आणि काही वर्षांतच उत्पादन घसरले. सगळ्यांना सगळे लगेच हवे असले की काय होते, त्याचे हे उदाहरण आहे. त्याच १९०१ साली आपल्या आसाममध्ये दिग्बोईची रिफायनरी सुरू झाली. ती आजही चालू आहे.

लुकास यांनी आपला हिस्सा विकला आणि ते बोमाँट सोडून गेले. पुढे मेक्सिकोत त्यांनी तेलाचा शोध घेतला आणि नंतर वॉशिंग्टनमध्ये राहून सल्लागार इंजिनिअर म्हणून काम केले. २ सप्टेंबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे सुवर्णपदक आजही तेल अभियंत्यांना दिले जाते. स्पिंडलटॉपच्या घुमटातून पुढे गंधकही काढण्यात आले. इतके काही बाहेर काढल्यामुळे जमीन खचली आणि जिथे उंचवटा होता तिथे आज खोलगट भाग आहे.

हे सगळे वाचून झाल्यावरच्या रविवारी मी बाबांना चष्म्याचा नंबर सांगितला. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले की मला फळ्यावरचे नीट दिसते ना आणि मी पहिल्या बाकावर बसतो ना. नेव्हीचे नावही त्यांनी काढले नाही. मीच मग त्यांना लुकास यांची गोष्ट सांगितली. त्यांना त्यातली झडप सर्वात आवडली. ती कशी बसवली ते त्यांनी मला दोनदा विचारले आणि मला ते नीट सांगता आले नाही. आता सुट्टीत घरी जाण्यापूर्वी ते शिकून घ्यायचे आहे.

नेव्हीची तयारी मी सोडलेली नाही. पुढची मेडिकल व्हायची आहे. पण सहस्रधारेच्या पानावर लिहिलेले ‘खाली तेल आहे’ मी खोडले आणि जे पाहिले तेवढेच लिहिले: गंधकाचा वास, दगडांवर पांढरा थर, चुनखडीचा डोंगर. खाली काय आहे ते लिहायला जागा मोकळी ठेवली आहे. सरांनी वही तपासली, त्या मोकळ्या जागेशेजारी बरोबरची खूण केली आणि स्पेलिंगच्या दोन चुका दाखवल्या.