वॅट बघून स्पीकर घेणाऱ्यांनी कोल्हापूरच्या दामलेमामांची गोष्ट एकदा वाचायला पाहिजे

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गणपती जवळ आले की ‘डॉल्बी’वर चर्चा सुरू होते. बेस किती, टॉप किती, कुठल्या अ‍ॅम्प्लिफायरवर किती बॉक्स चालणार, याची गणितं पोरांना तोंडपाठ असतात. (डॉल्बी हे खरं तर टेपमधला खरखराट कमी करायच्या तंत्रातून नावारूपाला आलेल्या कंपनीचं नाव. पण आपल्याकडं डॉल्बी म्हणजे स्पीकरची भिंत, हे आता फिक्स आहे.)

गंमत अशी की हीच पोरं घरासाठी म्युझिक सिस्टीम घ्यायला गेली की एकच प्रश्न विचारतात, किती वॅटचा आहे? दुकानदारही खोक्यावरचा पीएमपीओचा मोठा आकडा दाखवून मोकळा होतो. मग घरी आणल्यावर एक तर आवाज फाटतो, नाही तर अ‍ॅम्प तापून बंद पडतो.

अ‍ॅम्प आणि स्पीकरची जोडी जमवावी लागते. आणि त्या जमवाजमवीचा कोल्हापूरशी फार जुना संबंध आहे. मंगळवार पेठेतल्या जयप्रभा स्टुडिओची सुरुवात ‘कोल्हापूर सिनेटोन’ या नावानं झाली. नावातच ‘टोन’, कारण ते दिवसच आवाजाचे होते. सिनेटोन उभी राहिली 1933 साली. पण त्याच्याही आधी या गावात एका माणसानं सिनेमाचा आवाज पकडून दाखवला होता. त्या माणसाचं नाव विष्णुपंत गोविंद दामले.

दामल्यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1892 चा, रायगड जिल्ह्यातल्या पेणचा. इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे भानगड नव्हती. चित्रकलेच्या ओढीनं ते आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्याकडं शिकायला आले. नाटकांचे पडदे रंगवायचं काम होतं. तिथंच कागलच्या शेख फत्तेलाल यांच्याशी त्यांची गाठ पडली. दामलेमामा आणि साहेबमामा ही जोडी पुढं आयुष्यभर टिकली.

आनंदराव 1916 साली वारले. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा बनवायचा ध्यास सोडला नाही आणि या खटपटीत दामले त्यांच्यासोबत होते. यंत्राचा एकेक भाग हातानं घडवायचा, बसवायचा, अडला की परत काढायचा. एक दात जरी चुकीचा असला तरी फिल्म पुढं सरकत नाही. या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ तयार झाला, 1920 साली. भाग कितीही चांगला असला तरी शेजारच्या भागाशी त्याचं जमलं नाही तर तो फुकट, हे दामल्यांना इथं हातानं कळलं असणार.

1 जून 1929 ला दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि पैसा लावणारे सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. मूकपट चांगले चालू होते. आणि मग 14 मार्च 1931 ला मुंबईत ‘आलम आरा’ लागला.

सिनेमा बोलायला लागला. ज्यांना बोलता येणार नव्हतं त्या कंपन्यांचं दुकान बंद होणार होतं. परदेशी यंत्र आणायचं म्हणजे मोठी रक्कम, आणि ते चालवायला गावात माणूस कुणी नाही. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी आली दामल्यांवर. वय चाळिशीला टेकलेलं, हातात तोवर कुंचला आणि कॅमेरा. शिकवणारं कुणी नसताना त्यांनी ते यंत्र समजून घेतलं. ‘आलम आरा’नंतर अकरा महिन्यांच्या आत, 6 फेब्रुवारी 1932 ला प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला. पहिला मराठी बोलपट म्हणून तो ओळखला जातो.

आता हे काम नेमकं काय होतं ते समजून घेऊ, कारण घरातल्या हाय-फायचं सगळं गणित त्यातच आहे.

बोलपटाचा आवाज म्हणजे एक साखळी. नट बोलला की मायक्रोफोनमध्ये अगदी बारीक वीज तयार होते. अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवतो. त्या विजेवर प्रकाशाची तिरीप नाचते आणि फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी छापली जाते. थिएटरात उलटा प्रवास. पट्टीतून प्रकाश जातो, फोटोसेल त्याची पुन्हा बारीक वीज करतो, पुन्हा अ‍ॅम्प्लिफायर, आणि शेवटी पडद्यामागचा कर्णा. यातली एक कडी दुसरीला साजेशी नसेल तर मागच्या सगळ्यांची मेहनत पाण्यात.

त्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हवर चालायचे आणि व्हॉल्व्हची एक खोड असते. त्याला समोर काही हजार ओहमचा भार लागतो. स्पीकरची कॉइल असते जेमतेम आठ-पंधरा ओहमची. दोघांना सरळ जोडलं तर ताकद वायाच जाणार. बुलेट टॉप गिअरला टाकून पन्हाळ्याचा चढ चढायला गेल्यासारखं. इंजिनात दम आहे, पण चाकापर्यंत पोचत नाही. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवायचा, तोच इथला गिअरबॉक्स. आजही हौशी लोक व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेतात तेव्हा मागं 4, 8, 16 असे वेगवेगळे टर्मिनल दिसतात, ते यासाठीच.

ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला हा ट्रान्सफॉर्मर लागत नाही, पण त्याला खालची मर्यादा असते. मागं ‘6 ओहम किंवा जास्त’ असं लिहिलं असेल तर ते शोभेला लिहिलेलं नसतं. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनलला समांतर जोडले की भार होतो चार ओहम. अ‍ॅम्प दुप्पट करंट द्यायला बघतो, तापतो, आणि ऐन रंगात बंद पडतो. डॉल्बीवाली पोरं हे बरोबर सांभाळतात. घरी मात्र जुन्या स्पीकरची जोडी आहेच म्हणून तीही लावून टाकतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. त्या जमान्यात थिएटरातले अनेक अ‍ॅम्प्लिफायर दहा-पंधरा वॅटचे असायचे. शेकडो माणसांचं थिएटर आणि वॅट पंधरा! तरी शेवटच्या रांगेत आवाज जायचा, कारण पडद्यामागं कर्णा असायचा.

कर्ण्याचं तत्त्व आपल्या तुतारीचंच आहे. ओठांशी बारीक तोंड, पुढं रुंद होत जाणारी नळी, आणि शेवटी पसरट मुख. ओठांची लहानशी थरथर नळीतून जाताना समोरच्या मोकळ्या हवेशी जुळवून घेते आणि आवाज गावभर जातो. (प्रभातची मुद्राच मुळी तुतारी फुंकणारी तरुणी होती. योगायोग, पण भारी योगायोग.) साधा घरगुती स्पीकर मिळालेल्या विजेतला सुमारे एक टक्का, कधी त्याहूनही कमी भाग आवाजात बदलतो, बाकीची उष्णता. चांगला कर्णा त्याच्या दहा-वीस पट कामाचा असतो.

स्पीकरच्या कागदावर हा गुण ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून छापलेला असतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, असा तो आकडा. त्यात तीन डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मे किंवा दुप्पट वॅट. म्हणजे 84 डेसिबलच्या स्पीकरला जिथं 80 वॅट लागतात, तिथं 93 डेसिबलचा स्पीकर 10 वॅटमध्ये भागवतो. म्हणून आधी खोली बघायची, मग स्पीकर ठरवायचा, आणि त्याच्या अंगाला बसेल असा अ‍ॅम्प शेवटी घ्यायचा. आपण नेमकं उलटं करतो. वॅट बघायचेच असतील तर पीएमपीओ सोडून आरएमएस बघावेत, पहिला आकडा जवळजवळ जाहिरातीसाठीच असतो.

आणि एक मोठा गैरसमज. लहान अ‍ॅम्पवर स्पीकर जळत नाही असं लोकांना वाटतं. पण लहान अ‍ॅम्प शेवटपर्यंत पिळला की लहरींची टोकं कापली जातात, आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजातली जादा ताकद बिचाऱ्या ट्वीटरवर जाऊन पडते. दामल्यांच्या बाजूलाही हाच धोका होता. आवाज फिल्मवर जास्त चढवला तर फाटणार, कमी ठेवला तर खरखरीत बुडणार. ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे स्वतः गायले. गाणं चढलं, उतरलं, कुजबुजलं, तरी ते या दोन टोकांच्या मध्ये धरून ठेवायचं, तेही शूटिंग चालू असताना.

1933 साली प्रभातनं पुण्याला मुक्काम हलवला. तिथल्या सिनेमांच्या ध्वनिमुद्रणातही दामले होते. पुढं फत्तेलाल यांच्यासोबत दिग्दर्शनाला उभे राहिले आणि 1936 साली ‘संत तुकाराम’ आला. मुंबईत वर्षाहून जास्त चालला, 1937 ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. या सिनेमाच्या यशाबद्दल भक्ती, अभिनय, साधेपणा असं सगळं बोललं जातं, आवाजाबद्दल फारसं नाही. पण अभंगाचा शब्द ऐकूच आला नसता तर विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा लोकांच्या काळजात उतरला असता का, हा प्रश्न आहेच.

‘गोपाळकृष्ण’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘संत सखू’ हेही दामले-फत्तेलाल जोडीचेच. शांताराम 1942 साली प्रभातमधून बाहेर पडले. दामल्यांची तब्येत ढासळत गेली आणि 5 जुलै 1945 ला पुण्यात ते गेले. वय अवघं बावन्न. पुढच्या आठ-नऊ वर्षांत प्रभातही बंद पडली. तिच्या जागेवर 1960 साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथं आज पोरं रीतसर प्रवेश परीक्षा देऊन ध्वनिमुद्रण शिकतात, त्याच जागेत जिथं दामले कुणाच्या शिकवणीशिवाय हेडफोन लावून बसायचे.