चवदार तळ्यापासून कलम १५ पर्यंत : डॉ. बाबासाहेब आंबेडकर



मूलभूत हक्कांचा पाठ आला की मुलं काय करतात, तुम्हाला माहीत आहे. समतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क अशी यादी घोकतात, पेपरात उतरवतात आणि मोकळी होतात. पोलादपूर-महाडकडच्या मुलांना तरी हा पाठ असा शिकवू नये, असं मला वाटतं. कारण त्यातल्या एका कलमाची गोष्ट आपल्या एसटीच्या रस्त्यावर घडली आहे. बाबासाहेबांचं चरित्र आपण दरवर्षी १४ एप्रिलला सांगतोच. आज ते पाण्याच्या बाजूने सांगून बघू या.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १८९१ चा, महू छावणीतला. घराणं मात्र आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचं. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई रजेवर असला की दिवसभर कोरडा घसा. पुढे १९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांकडे कोरेगावला जाताना या मुलांची जात कळल्यावर गाडीवाला बैल हाकायला तयार होईना. मुलांनी दुप्पट भाडं देऊन गाडी स्वतः हाकली. बरोबर जेवण होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. ही गोष्ट चौथी-पाचवीच्या मुलांनाही सांगा, त्यांना ती लगेच समजते. आपल्याकडे पावसाळ्यात धो धो कोसळतं, पण एप्रिल-मे आला की वरच्या वाड्यांवर हंड्यांची रांग लागतेच की.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अमेरिकेचा अनुभव इथे नीट समजून घ्यायला हवा. तिथे गुलामगिरी संपल्यावर १८६८ मध्ये राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती झाली आणि कायद्याचं समान संरक्षण सगळ्यांना मिळालं, निदान कागदावर. १८७५ मध्ये खाणावळी, वाहनं, नाटकगृहं सर्वांना खुली करणारा नागरी हक्कांचा कायदाही झाला. पण १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा मुख्य भाग रद्द केला. म्हणणं असं, की चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी माणसाला नाही. म्हणजे खाणावळवाल्याने काळ्या माणसाला हाकललं, तर घटनेला त्याचं काही नाही! बाबासाहेब तिथे शिकत होते, तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत शाळा आणि आगगाडीचे डबे वेगवेगळेच होते.

परत आल्यावर त्यांना बडोद्यात राहायला घर मिळालं नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तर काही सहकाऱ्यांना त्यांनी त्याच माठातलं पाणी घेणं खपेना. परदेशी पदव्या घेतलेल्या माणसाची ही स्थिती, मग आपल्या खेड्यातल्या माणसाची काय असेल?

आता महाडकडे येऊ. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. झालं काय? काहीच नाही. तळ्यावर कोणी जाऊ शकलं नाही. ठराव दप्तरात आणि पाणी तळ्यात!

मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिची बांधणी करण्यात आपल्याच भागातले रामचंद्र बाबाजी मोरे पुढे होते. नगरपालिकेचे सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे या सवर्ण मंडळींनी साथ दिली, हेही मुलांना आवर्जून सांगा. परिषदेला आलेल्या माणसांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं होतं. २० तारखेला बाबासाहेब हजारो लोकांसह शांतपणे तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. थोड्याच वेळात, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठली. जेवत असलेल्या आणि गावी परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. फिर्याद झाली, काहींना शिक्षाही झाल्या. तळ्याचं मात्र शेण-गोमूत्राने ‘शुद्धीकरण’ केलं गेलं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. त्याआधीच विरोधकांनी महाडच्या कोर्टात दावा लावून १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेब बोटीने येऊन दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला आले. सभेला गावात जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. तरीही बाबासाहेबांनी तळ्यात उतरायचं नाही असं ठरवलं, कारण हुकूम कोर्टाचा होता. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात न लावता. मला या चरित्रातला सगळ्यात अवघड निर्णय हाच वाटतो. मार्चमध्ये पाणी पिण्यापेक्षा डिसेंबरमध्ये न पिणं जड गेलं असणार.

दावा नऊ वर्षांहून जास्त चालला. तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना मनाई ही अनादी काळाची रूढी आहे, असं वादींचं म्हणणं. महाड, ठाणे आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय, सगळीकडे ते हरले. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने, अशी रूढी सिद्ध झालेली नाही, असा निकाल दिला. पहिल्या सत्याग्रहाला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते!

मधल्या काळात, गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडली. तिच्यात अमेरिकेची चौदावी दुरुस्ती आणि १८६६ व १८७५ चे नागरी हक्कांचे कायदे यांचा आधार दिलेला आहे. न्यूयॉर्कमधला अभ्यास आणि महाडचा मार असे एकत्र आले.

आता आपल्या संविधानाचं कलम १५ उघडा. त्याचं दुसरं उपकलम दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावं घेऊन सांगतं, की धर्म, जात, लिंग यावरून कोणालाही अडवता येणार नाही. सरकारला तर नाहीच, शेजाऱ्यालाही नाही. अमेरिकेत १८८३ ला राहिलेली फट इथे बुजवलेली दिसते. हे कलम एकट्या बाबासाहेबांनी लिहिलं असं मुलांना सांगू नका. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत आणि संविधान सभेत अनेकांचे हात त्याला लागले, आणि तेच योग्य. पण मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ते तिथे होते आणि तलाव या शब्दामागे काय काय आहे, हे त्यांच्याइतकं त्या सभागृहात क्वचितच कोणाला माहीत असेल. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम ३२ ने हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जायची वाट दिली आणि त्यांना सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच कलम. कोर्टात नऊ वर्षांहून जास्त काढलेल्या माणसाला तसं वाटणारच.

१९५५ मध्ये अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा आला. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. त्याच कायद्याचं नाव १९७६ मध्ये बदललं आणि नागरी हक्क संरक्षण कायदा असं झालं.

वर्गात घेताना कलम १५ फळ्यावर लिहा आणि त्यातला महाडचा शब्द मुलांनाच शोधू द्या.