मुख्याध्यापक घडवावा लागतो

कर्जत तालुक्यातील पोशीरसारख्या गावात शाळेला इमारत मिळते, शिक्षकही मिळतात. पण शाळा चालविणारा मुख्याध्यापक कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरतोच. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमांनी त्याचे उत्तर सेवाज्येष्ठतेत शोधले. वर्गावर वीस वर्षे उत्तम शिकविलेला शिक्षक एके दिवशी खुर्चीवर बसतो, आणि वेतनपत्रके व अनुदानाचे हिशेब त्याच दिवशी प्रथम पाहतो. याहून समंजस उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रात सापडते.

कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. किर्लोस्करांचे नांगर विकताना त्यांनी खेडी जवळून पाहिली. १९१९ साली कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत आणि कष्ट करून शिकत. त्यांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले.

पुढचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. भाऊरावांनी १९३५ साली प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. मग खेडोपाडी शेकडो व्हॉलंटरी शाळा निघाल्या. साताऱ्यास १९४० साली सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली शिवाजी कॉलेज आणि १९५५ साली माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज उभे राहिले. विद्यार्थी, शिक्षक, मुख्याध्यापक अशी ही शिडी संस्थेच्या आतच उभी होती. वसतिगृहातील पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले. वसतिगृहाचा कारभार अंगावर घेतलेल्या मुलास शाळेचा कारभार परका वाटत नसे.

आपल्याच माणसांतून निवड केली की गटबाजी माजते, हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्यावरचा उपाय शिक्षणात आहे. केवळ ज्येष्ठतेची यादी तो देऊ शकत नाही. तालुक्यातील होतकरू शिक्षकांना, मुख्याध्यापक निवृत्त होण्यापूर्वी वर्षभर त्यांच्या हाताखाली जमाखर्च, वेळापत्रक व पालकसभा सांभाळू द्याव्यात. खर्च थोड्या तासिकांचा. लाभ मात्र एका पिढीचा.

९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले, पण रयतच्या शाळा बंद पडल्या नाहीत. आपल्यामागे शाळा चालविणारी माणसे त्यांनी आधीच घडविली होती.