एडवर्ड पेरी वॉरेन

अमेरिकेंतील मेन राज्यांतल्या बोडन कॉलेजांत प्राचीन ग्रीक मृत्पात्रें आहेत, तीं वॉरेन यांच्या औदार्यानें. १८६० सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें एका धनाढ्य कागद-कारखानदाराच्या घरीं ते जन्मले. हार्वर्ड व ऑक्सफर्ड येथें विद्या संपादून ते इंग्लंडांत लूइस गांवीं राहिले आणि मित्र जॉन मार्शल यांच्या साह्यानें पुराणवस्तु विकत घेऊं लागले. बोडनचे ते विद्यार्थी नव्हते. तरी त्या कॉलेजास त्यांनीं शेकडों वस्तु अर्पिल्या. १९२८ सालीं ते वारले.

हें दातृत्व थोर खरें. परंतु एक उणीव सांगणें आम्हांस प्राप्त आहे. अशीं पात्रें बहुधा थडग्यांतून निघत. बाजारांत फिरल्यानें तीं कोठें, कशाशेजारीं होतीं, हें ज्ञान लोपलें. विद्यार्थिमित्रांनो, जुनी वस्तु आढळल्यास ती हलवूं नका, शिक्षकांस कळवा.