एडिस्टोनचा शिल्पकार : जॉन स्मीटन

इंग्लंडच्या प्लिमथ बंदरापासून सुमारे २० किलोमीटरवर, भर समुद्रात एडिस्टोनचा खडक आहे. भरतीच्या वेळी तो जवळजवळ पूर्ण बुडतो. असंख्य जहाजांचा घास घेणाऱ्या या खडकावर १६९८ मध्ये हेन्री विन्स्टन्ली यांनी पहिला दीपस्तंभ उभारला. १७०३ च्या भीषण वादळात तो वाहून गेला आणि त्यासोबत स्वतः विन्स्टन्लीही. त्यानंतरचा, मुख्यतः लाकडाचा दीपस्तंभ १७५५ च्या डिसेंबरात जळून खाक झाला. तिसऱ्यांदा हे धाडस कोणी करायचे, या प्रश्नाचे उत्तर होते जॉन स्मीटन.

लीड्सजवळच्या ऑस्थॉर्प येथे ८ जून १७२४ रोजी स्मीटन यांचा जन्म झाला. वडील वकील होते. मुलानेही वकिली करावी म्हणून त्यांनी त्याला लंडनला धाडले. पण जॉनचे मन कायद्यात रमले नाही. त्यांनी शास्त्रीय उपकरणे बनविण्याचा व्यवसाय पत्करला आणि १७५३ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविले. दीपस्तंभाचे काम त्यांच्याकडे आले, तेही या सोसायटीच्या अध्यक्षांच्या शिफारशीने.

बुंध्याशी रुंद आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या ओक वृक्षाचा आकार त्यांनी मनोऱ्यासाठी निवडला. बाहेरून ग्रॅनाइट, आतून पोर्टलंडचा दगड. सुतार लाकडे जोडतो त्याप्रमाणे खाचा पाडून चिरे एकमेकांत अडकविले आणि संगमरवरी खुंट्यांनी थर पक्के केले. खरा प्रश्न होता पाण्यातही घट्ट होणाऱ्या चुन्याचा. चुनखडी जितकी कठीण तितका चुना भक्कम, हा रूढ समज स्मीटन यांच्या प्रयोगांनी खोटा ठरविला. चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुनाच पाण्यात टिकतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे सिमेंटच्या विकासाला याच शोधाने दिशा दिली. १६ ऑक्टोबर १७५९ रोजी २४ मेणबत्त्यांचा दीप प्रथम उजळला. त्याच वर्षी जलचक्रे व पवनचक्क्यांवरील संशोधनासाठी त्यांना कॉप्ली पदक मिळाले.

कालवे, बंदरे, पूल अशी कामे पुढे अखंड चालू राहिली. लष्करी अभियंत्यांहून वेगळी ओळख सांगण्यासाठी ते स्वतःला 'सिव्हिल इंजिनीअर' म्हणवीत. १७७१ मध्ये अशा अभियंत्यांची संस्था स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. अपयशही वाट्याला आले. हेक्सहॅम येथील त्यांचा पूल १७८२ च्या महापुरात कोसळला. पुलाखालचा तळच पुराने खरवडून नेला होता. २८ ऑक्टोबर १७९२ रोजी ऑस्थॉर्प येथेच त्यांचे निधन झाले.

एडिस्टोनचा मनोरा मात्र शतकाहून अधिक काळ लाटा झेलत राहिला. अखेर मनोरा नव्हे, तर त्याखालचा खडकच लाटांनी पोखरला. १८८२ मध्ये शेजारी नवा दीपस्तंभ उभा राहिला. जुन्या मनोऱ्याचा वरचा भाग नष्ट होऊ न देता प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा रचण्यात आला. तो आजही 'स्मीटन्स टॉवर' या नावाने उभा आहे. त्याचा बुंधा मात्र खडकावरून हललेला नाही.